आवाज वेगळा येतोय

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलताना जे दोन-तीन आकडे ऐनवेळी आठवले नाहीत, ते इथे भरले आहेत.)



समितीचा फोन आला तो विषय ठरवूनच आला होता. ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. आपल्या मुलांचं काय होणार ते सांग.’ मी म्हटलं, माझ्या स्वतःच्या मुलाचं काय होणार हे मला ठाऊक नाही, तुमच्या मुलांचं कुठून सांगू? मला थोडंफार कळतं ते मोटारीच्या इंजिनातल्या क्रँकबद्दल. त्यावर बोलते. पलीकडे बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग ‘बरं, पण लवकर आटप’ अशी परवानगी मिळाली.

तुमच्यापैकी काहींना आमचं दुकान आठवत असेल. शिंगाडा तलावाकडच्या बाजूला, पत्र्याची शेड, आत एक लांबलचक क्रँक ग्राइंडिंगचं मशीन आणि त्यावर सतत पडणारं पांढरं पाणी. ते दूध आहे असं मी पहिलीत सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्या दप्तराला तेलाचा वास यायचा, म्हणून दोघी जणी मला ‘ग्रीस’ म्हणायच्या. नावं घेत नाही. पहिल्या रांगेतच बसल्या आहेत.

आता जे कॉमर्सला गेले त्यांच्यासाठी आधी क्रँक म्हणजे काय ते सांगते. सायकल चालवताना तुमचा गुडघा वर-खाली होतो आणि चाक मात्र गोल फिरतं. मधे जो पेडलचा दांडा असतो ती क्रँक. इंजिनात गुडघ्याच्या जागी पिस्टन, पोटरीच्या जागी कनेक्टिंग रॉड. चार सिलिंडर असले की एकाच शाफ्टवर असे चार दांडे. हा वाकडातिकडा शाफ्ट ज्या गोल भागांवर टेकून फिरतो ते जर्नल, आणि ते ज्यात फिरतात ती बेअरिंगं. सगळ्या गाडीचा दणका या काही इंच गुळगुळीत लोखंडावर येतो.

आप्पांकडे क्रँक आली की आधी डिझेलने धुवायची, मग मायक्रोमीटर. प्रत्येक जर्नल चार ठिकाणी मोजायचं: दोन्ही टोकांना, आणि प्रत्येक टोकाला एकदा उभं, एकदा आडवं. कारण स्फोटाचा दणका पिनच्या साधारण त्याच त्या बाजूला बसतो, त्यामुळे ती सगळीकडून सारखी झिजत नाही, अंड्यासारखी होते. आठवीपासून ती मापं वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. आप्पा मशीनच्या आवाजावर ओरडून सांगायचे, ‘तीन नंबर, दोन थाऊ ओव्हल, एक थाऊ टेपर’, आणि मी लिहायचे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपला केस साधारण दोन-तीन थाऊचा असतो.

एकदा निफाडकडचे एक बागायतदार ट्रॅक्टरची क्रँक घेऊन आले. द्राक्षाच्या फवारणीचे दिवस, माणूस घायकुतीला आलेला. ‘आप्पा, मापं कसली घेत बसता? दुसरी बेअरिंगं टाका आणि द्या.’ आप्पा म्हणाले, ‘देतो की. फक्त बिलावर लिहा, माप न घेता नेली म्हणून, आणि खाली सही करा.’ ते बसले मग. दोन चहा झाले. एक पिन सहा थाऊ ओव्हल निघाली. तशीच बेअरिंगं टाकली असती तर पंधरा दिवसांत पुन्हा शेतात ट्रॅक्टर उभा राहिला असता.

मोटारगाडी नवी होती तेव्हा हीच दोन दुखणी होती: हादरा आणि झीज. ती कोणी कशी शोधली ते वाचायचा मला नाद आहे.

सुरुवातीची इंजिनं एका-दोन सिलिंडरची. पिस्टन वर जातो, थांबतो, उलट फिरतो. त्याला दर वेळी थांबवायला आणि पळवायला जोर लागतो, आणि तो सगळा जोर गाडीच्या सांगाड्याला हादरा म्हणून बसतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १८९७च्या सुमारास यावर एक विलक्षण उपाय केला. समोरासमोर दोन सिलिंडर आणि दोन क्रँका, एक उजवीकडे फिरणारी, दुसरी डावीकडे. एकीचा हादरा दुसरी खाते. छान चालायचं, पण दोन क्रँका म्हणजे खर्चही दुप्पट. बाकीच्यांनी दुसरा रस्ता धरला, सिलिंडर वाढवायचे. चार केले तर दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात आणि मोठा हादरा जुळून जातो. तरी रॉड तिरका होत असल्यामुळे दर फेरीला दोनदा एक बारीक हादरा उरतोच. सहा सिलिंडर एका ओळीत ठेवले की मात्र कागदावर सगळे हिशेब शून्य येतात. उरतं काहीच नाही. गणितात पैकीच्या पैकी.

म्हणून लंडनच्या नेपियर कंपनीने १९०४ मध्ये सहा सिलिंडरची गाडी बाजारात आणली. गाडी झुळझुळीत होती, पण ठरावीक वेगाला पोचली की इंजिनातून खडखडाट सुरू व्हायचा. वेग वाढवला की बंद. कमी केला तरी बंद. नेपियरची विक्री सांभाळणारे एस. एफ. एज हे बोलण्यात हुशार गृहस्थ. त्यांनी त्या आवाजाला नाव दिलं, ‘पॉवर रॅटल’. म्हणजे ताकदीचा खडखडाट! गिऱ्हाइकाला वाटावं की एवढी ताकद आहे तर आवाज येणारच. आमच्या धंद्यात ‘हा बग नाही, फीचर आहे’ असा विनोद चालतो. तो शंभर वर्षांपूर्वीच करून झाला आहे हे वाचून मला फार बरं वाटलं.

नेपियर टाकाऊ गाडी होती असं मात्र समजू नका. याच एजनी जून १९०७ मध्ये ब्रुकलँड्सच्या नव्या गोल रस्त्यावर साठ हॉर्सपॉवरची नेपियर २४ तास एकट्याने चालवली आणि तासाला सरासरी ६५ मैलांहून जास्त वेग राखला. पण शर्यतीत माणूस खडखडाटाच्या वेगावरून झटकन पुढे निघून जातो. रोजच्या रस्त्यावर नेमकं त्याच वेगाला चालवावं लागतं.

तो आवाज कशाचा होता? ओला टॉवेल पिळताना बघा, मधला भाग पिळला जातो. क्रँक पोलादी असली तरी तीही पिळली जाते. सहा सिलिंडरची क्रँक लांब. तिच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील, ते काही लवकर हलत नाही. पुढचं टोक मोकळं. प्रत्येक स्फोटाने पुढचं टोक केसभर पिळतं, सुटतं आणि परत येतं. झोपाळ्यासारखं. आणि प्रत्येक झोपाळ्याची एक स्वतःची लय असते.

इथे मला सरांची आठवण होते. सर, तुम्ही नववीत फळ्यापुढे आडवी दोरी बांधली होती आणि तिला वेगवेगळ्या लांबीचे पाच-सहा दोलक लावले होते. एकाला झोका दिलात. बाकीचे नुसते थरथरले, आणि त्याच्याच लांबीचा जो एक होता तो हळूहळू मोठमोठे झोके घ्यायला लागला. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘भूत’ म्हणालं होतं. नेपियरच्या बोनेटखाली ते भूत होतं.

एक सोपा हिशेब करू. समजा एखादी क्रँक स्वतःच्या लयीत सेकंदाला १०० वेळा पिळते-सुटते. सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला तीन स्फोट होतात. तेव्हा मिनिटाला २००० फेऱ्यांवर स्फोट बरोबर १०० होतील आणि लय जुळेल. त्या काळातल्या मोठ्या इंजिनांनी एवढा वेग गाठला नाही, तर मग भीती कसली? पण स्फोटाचा दणका काही साधी गोल लाट नसतो. त्यात दर फेरीला सहादा येणारा अंशही असतो. तो १००० फेऱ्यांवरच जुळतो, म्हणजे ऐन रोजच्या वेगात. कागदावरचं शून्य बरोबरच होतं. फक्त ते गणित क्रँक अजिबात पिळत नाही असं धरून केलेलं होतं.

हेन्री रॉइस यांच्या आधीच्या ३० हॉर्सपॉवरच्या सहा सिलिंडर गाडीलाही हाच रोग होता. त्यांनी त्याला गोड नाव दिलं नाही, इंजिनच नव्याने काढलं. १९०६च्या अखेरीस दाखवलेल्या ४०/५० हॉर्सपॉवरच्या गाडीत तीन-तीन सिलिंडरचे दोन ठोकळे होते, क्रँक चांगली जाडजूड होती आणि तिला सात ठिकाणी बेअरिंगचा आधार होता. क्रँकच्या आतून भोकं पाडून तेल दाबाने प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचवलेलं होतं. जाडीचा हिशेब मजेशीर आहे: शाफ्टचा व्यास दीडपट केला तर पिळायला तो पाचपट अवघड होतो. या गाड्यांपैकी एकीला चंदेरी रंग दिला आणि तिचं नाव ‘सिल्व्हर घोस्ट’ ठेवलं. भुताचं नाव शेवटी तिला लागलं, खडखडाट घालवल्यावर.

लँचेस्टरनी १९१०च्या सुमारास आणखी एक युक्ती काढली. क्रँकच्या मोकळ्या टोकाला एक छोटं फ्लायव्हील, पण घट्ट बसवलेलं नाही, तेलातल्या चकत्यांमधून अडकवलेलं. क्रँक थरथरली की हे मागे रेंगाळतं, चकत्या तेलात घासतात आणि थरथर उष्णता होऊन निघून जाते. तुमच्या आजच्या गाडीत पुढच्या पुलीत जो रबराचा थर असतो तो याचाच नातू. ते रबर फाटलं म्हणून मिस्त्रीने स्वस्तातली नुसती लोखंडी पुली बसवली तर गाडी चालेल, आवाजही येणार नाही कदाचित, पण बसवू देऊ नका. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी आप्पांना आनंद झाला असता.

आता चाचणीकडे येते, कारण मला खरं त्यावरच बोलायचं आहे.

त्या काळी इंजिन चालू ठेवून त्यावर नाणं उभं करून दाखवायचे असं सांगतात. गिऱ्हाईक खूष. पण इंजिन त्या वेळी एकाच वेगाला फिरत असतं, तेही भाराशिवाय. त्यातून पिळाबद्दल काहीच कळत नाही आणि झिजेबद्दल तर नाहीच. खरी परीक्षा १९०७च्या उन्हाळ्यात झाली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे निरीक्षक गाडीत बसवून सिल्व्हर घोस्ट १५,००० मैल चालवली, बरीचशी लंडन ते ग्लासगो आणि परत. ६२९ मैलांवर गाडी बंद पडली. कारण काय, तर हादऱ्याने पेट्रोलचा नळ आपोआप बंद झाला होता! हादऱ्यावर एवढं काम केलेल्या गाडीला हादऱ्यानेच थांबवलं. त्यानंतरचे १४,३७१ मैल ती एकदाही आपणहून थांबली नाही.

बहुतेक जण इथेच थांबले असते. पेढे वाटले असते. यांनी गाडी उघडली. क्लबच्या लोकांनी सुटे भाग वेगळे केले आणि मोजले. सुकाणूच्या सांध्यांत बारीक झीज होती, काही किरकोळ वस्तू बदलायला हव्या होत्या. सगळं मिळून दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स. इंजिनाच्या बेअरिंगांत मोजण्याजोगी झीज नव्हती. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमची पत्र्याची शेड दिसली. चालतंय ना, मग कशाला उघडायचं, असं म्हणणारे तिथेही असतीलच.

बेअरिंग झिजलं नाही ते तेलामुळे, आणि तेल काय करतं हे कळलं तेही अपघातानेच. १८८३ मध्ये बोशँप टॉवर नावाचे इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासत होते. तेल घालायला त्यांनी बेअरिंगला वरून एक भोक पाडलं. आस फिरायला लागला की तेल आत जायच्या ऐवजी भोकातूनच वर यायचं. त्यांनी बूच मारलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकत आली. मग दाबमापक लावला, तेव्हा कळलं की फिरणारा आस तेलाला स्वतःच्या आणि बेअरिंगच्या मधे ओढून घेतो आणि सगळा भार त्या पातळ थरावर चक्क तरंगतो. लोखंडाला लोखंड लागतच नाही. लागतं ते इंजिन सुरू करताना आणि बंद करताना, किंवा तेलाचा थर तुटला की. क्रँक थरथरून वाकायला लागली, की बेअरिंगच्या कडेला थर तुटतो आणि तिथून झीज सुरू होते. आप्पांच्या वहीत ‘टेपर’ लिहिलेलं असायचं ते बऱ्याचदा हेच. ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित १८८६ मध्ये मांडलं. ते मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतं आणि मी ते पाठ करून पास झाले. त्याचा बुचाशी संबंध आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, हीच ४०/५० आपल्याकडे आली. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची गाडी मुंबई–कोल्हापूर मार्गावरच्या चाचणीत उतरली: ६२० मैल, वाटेत सहा घाट, कुठेही न थांबता. नंतर ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. लंडन–ग्लासगो रस्त्यापेक्षा मला ही परीक्षा अवघड वाटते. घाटात गाडी एका वेगात राहत नाही, सारखी वर-खाली होते, आणि पिळाचा जो वाईट वेग असतो त्यावरून पुन्हा पुन्हा जावं लागतं. आपण कसारा चढताना एसी लावून गप्पा मारत असतो. १९०८ मधला रस्ता आणि सह्याद्री डोळ्यांपुढे आणा.

पुढचं थोडक्यात. पिळाचा हा रोग आधी जहाजांच्या लांब शाफ्टमध्ये सापडला होता. जर्मनीत फ्राम यांनी १९०२ मध्ये त्याची मापं प्रसिद्ध केली होती, पण मोटारवाल्यांना स्वतः ठेच लागावी लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात गायगर यांनी शाफ्टची थरथर कागदाच्या पट्टीवर उमटवणारं यंत्र केलं. १९२१ मध्ये होल्झर यांच्या पुस्तकाने हिशेबाची एक पद्धत रूढ केली. त्यात क्रँकचे तुकडे कल्पायचे, एक लय अंदाजाने धरायची आणि एका टोकापासून कोष्टक भरत जायचं. शेवटच्या टोकाला बाकी शून्य आली तर अंदाज बरोबर, नाही आली तर नवा अंदाज, नवं कोष्टक. माणसं आठवडेच्या आठवडे हे हाताने करत. मी पहिल्या नोकरीत हाच हिशेब सी भाषेत लिहिला. चाळीस-पन्नास ओळी. एंटर दाबलं की झालं. त्याचा मला फार अभिमान होता.

आता पुढची गोष्ट मी घरी सांगितली आहे, बाहेर आज पहिल्यांदा सांगते.

साधारण सतरा वर्षांपूर्वी मी इंजिनांच्या चाचणीचा डेटा साठवणारं आणि आलेख काढणारं सॉफ्टवेअर लिहीत होते. कंपनी कोणती, गाव कोणतं, ते सोडा. एका नव्या इंजिनाची टिकाऊपणाची चाचणी चालू होती, रात्रंदिवस. क्रँकच्या टोकाला दातेरी चकती आणि सेन्सर, त्यातून दर फेरीला कित्येक वेळा वेग मोजला जायचा. फाइली भराभर मोठ्या व्हायच्या, सर्व्हर भरायचा, रोज तक्रार. मी एक बदल केला: प्रत्येक फेरीची सरासरी काढून तेवढीच साठवायची. फाइली एवढ्याशा झाल्या. माझं कौतुक झालं.

ज्यांनी मघाचा दोलक नीट ऐकला त्यांना कळलं असेल मी काय केलं ते. पिळाची थरथर एका फेरीच्या आतच तीनदा पुढे, तीनदा मागे होते. फेरीची सरासरी काढली की पुढचं आणि मागचं एकमेकांत जातं आणि उत्तर शून्य. माझा आलेख गंगापूर धरणाच्या पहाटेच्या पाण्यासारखा सपाट. इंजिन काहीही करो, तो सपाटच येणार होता.

रात्रपाळीला एक ऑपरेटर काका होते. आयटीआय झालेले, आप्पांच्या वयाचे. ते एकदा काचेबाहेर उभे राहून म्हणाले, ‘मॅडम, अठराशेच्या आसपास आवाज वेगळा येतोय.’ मी आलेख उघडून दाखवला. म्हटलं, ‘काका, बघा ना, काहीच नाही.’ त्यांनी आलेख बघितला, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, ‘तुम्ही म्हणता तर नसेल.’ आणि वहीत नोंद करून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात क्रँक मोडली. चाचणीच्या खोलीचं दार बंद होतं म्हणून कोणाला लागलं नाही. अहवालाचा पहिला मसुदा आला त्यात लिहिलं होतं की ऑपरेटरने वेळेवर लक्ष दिलं नाही. मी तो वाचला आणि दोन दिवस गप्प बसले. हे मला सांगायला लाज वाटते, पण दोन दिवस मी गप्प होते. नोकरी नवी, घराचा हप्ता, मुलगा दीड वर्षाचा, सगळी कारणं होती. सरासरीची ती ओळ मी लिहिली होती आणि कोड तपासणाऱ्या कोणालाही ती खटकली नव्हती. मी बोलले नसते तर कोणालाच कळलं नसतं.

त्या रविवारी मी नाशिकला आले होते. आप्पांनी तेव्हा दुकान बंद केलं होतं, पण वह्या माळ्यावर होत्या. त्यांना नुसतं विचारलं, क्रँक मोडली की आधी काय बघायचं? ते म्हणाले, ‘मोडलेली बाजू बघायची. आणि चालवणाऱ्याला विचारायचं, आवाज कधीपासून येत होता. त्याला माहीत असतं.’ त्यांना माझं काही ठाऊक नव्हतं. चहा घेत होते.

सोमवारी मी साठवलेला कच्चा डेटा शोधला. बदल करण्याआधीचे सुदैवाने काही तास उरले होते. त्यातून पिळाचा आलेख काढला. अठराशेच्या थोडं पुढे उंच टोक होतं. काकांच्या वहीतली नोंद त्याशेजारी ठेवली आणि दोन्ही घेऊन मीटिंगला गेले. अहवाल बदलला. मला जे ऐकून घ्यावं लागलं ते लागलं. काकांना मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, ‘मला वाटलंच होतं, पण कॉम्प्युटर नाही म्हणाला ना.’ रागावले असते तर सोपं गेलं असतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. कच्चा डेटा पुसत नाही, सर्व्हर भरला तर भरू दे. आणि कोणी ऑपरेटर आवाजाबद्दल बोलला की आलेख न उघडता आधी त्याच्याबरोबर जाऊन ऐकते. अजून मला ऐकू येत नाही बऱ्याचदा. स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावून आप्पा बेअरिंगचा नंबर सांगायचे. ते काही मला जमलं नाही.

मघाशी जेवताना अंबडला युनिट असलेल्या आपल्या मित्राने विचारलं की इलेक्ट्रिक गाड्या आल्या, त्यांत क्रँकच नाही, मग आमचं काय? क्रँक नाही हे खरं. माझ्या पोटातही तेव्हा गोळा येतो, कारण ज्या वस्तूवर आमचं घर चाललं ती वस्तूच जाणार आहे. पण मोटरचा शाफ्ट आहे, तो मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्या फिरतो आणि बेअरिंगवरच फिरतो. त्यात कंट्रोलरमुळे शाफ्टमधून बारीक वीज झिरपते आणि बेअरिंगवर सूक्ष्म खड्डे पाडते. टॉवरच्या बुचासारखंच नवं काहीतरी तिथे कोणाला तरी सापडेल. त्याच्या युनिटला काम मिळेल की नाही ते मी सांगू शकत नाही. त्याच्याकडचा मोजमापाचा माणूस त्याने सोडू नये, एवढं मी त्याला सांगितलं.

सर, एक कबुली राहिली. नववीत साध्या दोलकाच्या प्रयोगात मी सहा वाचनं लिहिली होती आणि सहाही अगदी सारखी होती. ९.८ वरून उलटा हिशेब करून काढली होती. तुम्ही लाल शाईने लिहिलंत, ‘अक्षर सुंदर. प्रयोग पुन्हा.’ मी पुन्हा केला नाही. मैत्रिणीच्या वहीतून थोडी वेडीवाकडी वाचनं उतरवली आणि तुम्ही ती बरोबर म्हणून सही केलीत. ती मैत्रीण इथे आहे. तिनेही ती कुठून तरी उतरवलेलीच होती, असं तिने आत्ताच सांगितलं.

आप्पांची एक वही मी आणली आहे, १९९३ ते ९५ ची. त्यात तुमच्यापैकी तिघांच्या वडिलांच्या गाड्या आहेत, एक जीप, एक अॅम्बॅसेडर आणि एक टेम्पो. अक्षर माझं आहे, तेलाचे डाग आप्पांचे. चहाच्या टेबलावर ठेवते. बघा, फक्त हात पुसून घ्या.